पांढरीच्या मातीतले जळके दाणे

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या या तालुक्यांत डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकते. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजांत या धान्याला कणसरी माता म्हणून पुजतात. नागलीची भाकरी इथलं रोजचं जेवण होतं आणि अनेक घरांत अजून आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळलं. तेव्हापासून ही धान्यं शहरातल्या दुकानांच्या फळ्यांवर आली आणि पाकिटांवर, भाषणांत एक वाक्य हमखास येऊ लागलं: ही आपली हजारो वर्षांची धान्यं आहेत.

वाक्य चुकीचं नाही, पण फार ढोबळ आहे. किती हजार वर्षं? नागली आणि वरई दोन्ही तितक्याच जुन्या का? नाशिक-नगरच्या नदीकाठांवर ज्यांनी पहिल्यांदा शेती केली त्यांच्या कणगीत काय होतं? याची उत्तरं पोथ्यांत सापडत नाहीत. ती जुन्या वस्त्यांच्या मातीत, जळून कोळसा झालेल्या दाण्यांत आहेत, आणि त्यातले बरेचसे दाणे मोहरीहूनही लहान आहेत.

दाणा तीन-चार हजार वर्षं टिकतो कसा, हे आधी समजून घ्यायला हवं. साधा दाणा टिकत नाही. पाऊस, बुरशी, किडे, उंदीर त्याची दोन-चार वर्षांतच वासलात लावतात. टिकतो तो जळलेला दाणा, आणि तोही पुरता न जळलेला. चुलीच्या कडेला सांडलेला, धान्य भाजताना राखेत पडलेला, घराला आग लागली तेव्हा कणगीत अडकलेला. हवा कमी आणि आच मंद असली की दाण्याची राख होत नाही, त्याचा कोळसा होतो. कोळशाला बुरशी लागत नाही, किडा खात नाही. दाण्याचा आकार, त्यावरची खाच, अंकुराची जागा, कधी कधी सालीवरची नक्षीसुद्धा त्या कोळशात शाबूत राहते. दुसरा मार्ग ठशाचा. भिंत लिंपताना मातीत भुसा मिसळतात, कच्च्या मडक्याला टरफल चिकटतं. मडकं भाजलं की टरफल जळून जातं आणि त्याचा साचा मागे उरतो. तिसरा मार्ग अलीकडच्या काळात हाती आला. गवतवर्गातल्या वनस्पती जमिनीतली सिलिका शोषून आपल्या पेशींत साठवतात. झाड कुजलं तरी हे काचेसारखे सूक्ष्म कण मातीत राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो.

आपल्याकडे गावाच्या दोन जमिनी मानतात, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरी वसायची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, मातीच्या पडक्या भिंती आणि केरकचरा साठून पांढरीचं टेकाड वर येतं. पुरातत्त्वज्ञ महाराष्ट्रात पहिल्यांदा शोधतात ते हेच टेकाड. जळके दाणेही त्याच राखेत असतात.

नाशकात असं टेकाड गोदावरीकाठी आहे, मातीची गढी. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. त्याच मोसमात संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावीही खणलं. दोन्हींचा एकत्र अहवाल १९५५ साली निघाला. गढीच्या अगदी तळाच्या थरात दगडाची बारीक पाती आणि रंगीत मडक्यांची खापरं मिळाली. त्यावर प्राचीन ऐतिहासिक काळाचे थर, सातवाहनांचे थर, आणि सगळ्यांत वर मुसलमानी-मराठा काळाचे. जोर्व्याच्या लाल खापरांवर काळ्या रंगात काढलेली नक्षी इतकी वैशिष्ट्यपूर्ण होती की पुढे पश्चिम महाराष्ट्रभर सापडलेल्या त्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडलं. लोखंड वापरात येण्यापूर्वी तांबं आणि दगड बरोबरीने वापरणारे हे शेतकरी होते. म्हणून त्यांचा काळ ताम्रपाषाण काळ म्हणून ओळखला जातो.

महाराष्ट्राच्या इतिहासात या उत्खननाला फार मोठी जागा आहे. सातवाहनांच्या मागे एक मोठा कोरा काळ होता, तो या खोदकामाने भरायला सुरुवात झाली. पण त्या काळी उत्खननातून शोधायचं ते खापर, नाणं, मणी, पातं, भिंत. मिलिमीटरभराचा जळका दाणा हाताने वेचायचा ठरवला तरी मातीत दिसतच नाही. त्यासाठी लागणारी युक्ती पुरातत्त्वात रुळली ती १९६० च्या दशकात, आणि ती इतकी साधी आहे की आधी कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं.

थरातली माती बादलीने मोजून घ्यायची, वाळवायची आणि मोठ्या पिंपातल्या पाण्यात हळूहळू सोडायची. हाताने अलगद ढवळायची. चिखल, खडे, खापरं तळाला बसतात. कोळसा हलका, सच्छिद्र. तो वर तरंगतो आणि त्याच्याबरोबर जळके दाणे, बिया, काटक्यांचे तुकडे. वरचं पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक चाळणीतून ओतायचं. चाळणीत उरलेला काळा चुरा कापडात बांधून सावलीत सुकवायचा. उन्हात ठेवला तर दाणे तडकतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण चिमट्याने वेगळा करायचा. खरी चिकाटी लागते ती इथे. मातीच्या एका नमुन्यातून दोनशे दाणे मिळतील किंवा दोनच मिळतील, आणि दोन मिळाले तरी तितक्याच काळजीने त्यांची नोंद करावी लागते.

महाराष्ट्रात हे काम मन लावून केलं ते डेक्कन कॉलेजच्या मुकुंद काजळे यांनी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ असं दीर्घकाळ चाललं. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या देखरेखीखाली शंभराहून अधिक घरं उघडी पडली. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची एक अख्खी शेतकरी वस्ती समोर आली. काजळ्यांनी तिथल्या धान्याचा अभ्यास केला. नाशिकच्या गढीच्या तळाशी ज्यांची खापरं आहेत त्याच संस्कृतीच्या लोकांचं ताट इनामगावात दिसतं, म्हणून नाशिककरांनी ते नीट बघायला हवं.

त्या ताटात सगळ्यांत जास्त काय होतं? सातू, म्हणजे जव. त्याच्या जोडीला गहू. मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल यांसारखी कडधान्यं. रानातली बोरं. आज महाराष्ट्रात सातू फारसा कुणी पेरत नाही. लग्नमुंजीत, होमात त्याची आठवण होते. त्या काळात तो मुख्य अन्न होता. कारण जमिनीत आणि हवेत आहे. घोडेचं खोरं अवर्षणाचं. काळी जमीन पावसाळ्यात भरपूर ओल पिते आणि हिवाळाभर ती धरून ठेवते. त्या ओलीवर येणारं रब्बीचं पीक तिथल्या शेतकऱ्याला परवडत होतं, आणि गव्हापेक्षा सातूला पाणी कमी लागतं. इनामगावच्या लोकांनी नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट खणला होता आणि त्याला बांधही घातला होता. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातली ही सिंचनाची सोय. पाट्यासारख्या दगडावर ते दळत. फिरतं जातं अजून यायचं होतं. ते महाराष्ट्रात दिसू लागतं सातवाहनांच्या सुमारास.

सातू, गहू, मसूर, वाटाणा ही चारही पिकं मूळची पश्चिम आशियातली. बलुचिस्तान आणि सिंधू खोऱ्यातून टप्प्याटप्प्याने ती दख्खनेत उतरली. म्हणजे गोदावरी-प्रवरा-घोडेकाठच्या आद्य शेतकऱ्यांचा मोठा आधार परमुलखातून आलेल्या रब्बीच्या धान्यावर होता. भरड धान्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून थोडं चमकायला होतं. पण पुरावा तसा आहे, आणि पुराव्यापुढे अभिमानाने थोडं सरकून बसायला हवं.

मग भरड धान्यं कुठे होती? त्यासाठी दायमाबादला जावं लागतं. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूरच्या बाजूला असलेल्या या टेकाडाचा शोध भा. प. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये लावला. म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शां. अ. साळी यांनी १९७९ पर्यंत तिथे तीन वेळा खणलं. दायमाबाद म्हटलं की सगळ्यांना १९७४ साली सापडलेला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा आठवतो. चारही मिळून साठ किलोंवर वजन. माझ्या मते दायमाबादचं मोल तितकंच त्याच्या थरांत आहे. इ.स.पू. २२०० च्या सुमारास सुरू होणारी सावळदा संस्कृती, मग उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे, अशी बाराशे वर्षांची वस्ती एकावर एक रचलेली. तिथल्या वनस्पती अवशेषांत सातू, गहू आणि कडधान्यांबरोबर कोद्रा, राळा आणि नाचणी यांचीही नोंद झाली. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे विष्णु-मित्रे आणि त्यांचे सहकारी, तसंच काजळे, यांनी ते दाणे तपासले.

या यादीतल्या नाचणीवरच पुढे मोठा वाद झाला.

नाचणी, म्हणजे आपली नागली, मूळची भारतातली नाही. तिचा रानटी पूर्वज पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशात, इथिओपिया-युगांडाच्या बाजूला वाढतो. तशीच ज्वारीही आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत तिच्या टरफलांचे ठसे मिळाले आहेत आणि त्यांत ती माणसाळत असल्याच्या खुणा दिसतात. बाजरी सहाराच्या दक्षिण कडेची. मालीच्या तिलेम्सी खोऱ्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची माणसाळलेली बाजरी सापडली. ही तिन्ही धान्यं अरबी समुद्राच्या वाटेने पश्चिम भारतात आली आणि इथल्या खरिपात इतकी रुजली की ती परकी होती हे आपण विसरलो. प्रश्न आहे तो कधी आली याचा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डोरियन फुलर यांनी २००३ साली भारतातल्या आफ्रिकी धान्यांच्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा पारखल्या. त्यांचं म्हणणं असं की नाचणी म्हणून नोंदलेले पुष्कळसे दाणे नाचणीचे नसावेत. सांवा, राळा, वरई, कोद्रा या गटातले दाणे जळताना फुगतात, गोल होतात, टरफल फाटतं आणि नाचणीसारखे दिसू लागतात. खरा नाचणीचा दाणा जवळपास गोल, सव्वा-दीड मिलिमीटरचा, सालीवर बारीक दाणेदार खरखर असलेला. वरईचा दाणा लांबट, आणि त्यातली अंकुराची खाच दाण्याच्या साधारण निम्म्यापर्यंत जाते. राळ्यात तीच खाच दोन-तृतीयांशाच्या पुढे जाते. सगळा निवाडा या खाचेच्या लांबीवर आणि सालीच्या पोतावर अवलंबून. फोटो नसेल, दाणा जपून ठेवलेला नसेल, तर जुनी नोंद खरी की खोटी हे ठरवायला मार्गच उरत नाही. म्हणूनच आज प्रत्येक दाण्याचं छायाचित्र काढून, तो डबीत थराच्या क्रमांकासह ठेवण्याचा आग्रह धरला जातो. आता एकाच दाण्यावरून थेट कार्बन कालमापन करता येतं. पूर्वी जवळच्या कोळशाचा काळ दाण्याला लावावा लागे, आणि उंदराने वरच्या थरातला दाणा खाली नेला असेल तर हजार वर्षांची गफलत होई.

नागलीबद्दलचा हा संशय खरा धरला तरी भरड धान्यांचं प्राचीनत्व कमी होत नाही. उलट त्याचं श्रेय योग्य धान्याला मिळतं. वरई भारतीय उपखंडातच माणसाळली. गुजरातेत रोजडीच्या हडप्पाकालीन वस्तीत अमेरिकन संशोधक स्टीव्हन वेबर यांना साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थरांत वरईच्या गटातली भरड धान्यं मिळाली. तिकडे कर्नाटक-आंध्रच्या राखेच्या ढिगांजवळच्या नवाश्मयुगीन वस्त्यांतून फुलर, रवी कोरिसेट्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन देशी भरड धान्यांबरोबर मूग आणि कुळीथ शोधून काढले. दक्षिणेचा तो शेतकरी पावसाळ्याच्या पाण्यावर, देशी बियाण्यावर उभा होता. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये: उत्तरेकडून सातू-गव्हाचा रब्बी, दक्षिणेकडून आणि गुजरातेकडून देशी भरड धान्यांचा खरीप, समुद्राकडून आफ्रिकेची बाजरी-ज्वारी-नागली. आपल्या दोन हंगामांच्या शेतीची घडण अशी तीन वाटांनी झाली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर चीनच्या कोरड्या मुलखातही भरड धान्याची शेती अशीच बारीक दाण्यांतून उलगडली. शिंगलोंगगोऊ नावाच्या वस्तीत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे चिनी वरी आणि राळ्याचे जळके दाणे याच पाण्याच्या पद्धतीने मिळाले. आपल्याकडचा राळा हा त्याच चिनी पिकाचा वारस आहे. म्हणजे नगर-नाशिकच्या शेतकऱ्याच्या सुपात चीन, आफ्रिका, पश्चिम आशिया आणि दख्खन एकत्र आले.

एका तपशिलाकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे सडणं-कांडणं. वरई, राळा, कोद्रा यांच्या दाण्याला घट्ट टरफल असतं. ते कांडून काढल्याशिवाय धान्य शिजवता येत नाही. नाशिक परिसरात भगरीच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या यासाठीच, कारण घरच्या उखळात वरई सडणं हे तासन्‌तासांचं काम आहे. नागलीचा दाणा मळणीतच मोकळा होतो आणि सरळ दळता येतो. आफ्रिकेतून आलेली नागली डोंगरात वरईच्या शेजारी येऊन बसली आणि हळूहळू भाकरीच्या धान्यात पहिली झाली, त्याला पौष्टिकतेपेक्षा बाईच्या हातांची ही बचत जास्त कारणीभूत असावी असं मला वाटतं. शिवाय कणसात नागली वर्षानुवर्षं कीड न लागता टिकते, हे डोंगरातल्या कुणालाही विचारा. दुष्काळाच्या मुलखात साठवण म्हणजे जीव.

इ.स.पू. १००० च्या पुढे जोर्वे वस्त्या एकेक करून ओस पडल्या. इनामगाव आणखी तीनेकशे वर्षं टिकलं, पण मोठ्या चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या, गहू मागे पडला, शिकार वाढली. कोरडं होत गेलेलं हवामान हे ढवळीकरांनी दिलेलं कारण. शेती सुटली की मातीच बोलते असं नाही, कधी दगडही बोलतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना कखडी गावचं दोनशे निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत दिल्याचा लेख आहे. सहाच वर्षांनी त्याला दुसरा लेख कोरावा लागला: ते शेत कसलं जात नाही, गावातही वस्ती नाही, म्हणून नगराच्या सीमेवरचं राजाच्या मालकीचं शंभर निवर्तनं शेत द्यावं. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या शिवारातलं एक गाव ओस पडलं होतं, हे आपल्याला राजाच्या शब्दांत कळतं. त्या शेतात काय पिकत होतं, हे मात्र लेखात नाही. ते फक्त दाणे सांगू शकतात.

डोंगरातली परिस्थिती याहून अवघड आहे. नागलीची रोपं राबात करतात. चैत्र-वैशाखात जमिनीच्या तुकड्यावर पालापाचोळा, काटक्या, शेणी पसरून भाजतात, पावसाच्या तोंडाला त्या राखेत बी फेकतात आणि तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटून उतारावर लावतात. आगीच्या वेळी तिथे दाणा नसतो, म्हणून राबाच्या राखेत दाणा जळून मागे राहत नाही. कारवीच्या कुडाची घरं वीस-तीस वर्षांत जागा बदलतात, त्यांचं टेकाड होत नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, येवल्याकडे पाच-सहाशे. पूर्वेकडची काळी-पांढरी जे जपते ते पश्चिमेचा पाऊस धुऊन नेतो. डोंगरातल्या नागलीचा इतिहास शोधायचा तर चुलीच्या जागा, गुहांतले थर, तळ्यांचा गाळ आणि त्यातले सिलिकाचे कण तपासावे लागतील. त्याला वेळ लागेल, पण पद्धत तयार आहे.

गढीचं काम त्यापेक्षा सोपं आणि तातडीचं आहे. जुन्या नाशकातल्या गढीची माती पावसाळ्यात ढासळते, आणि तिच्याबरोबर थरही जातात. १९५०-५१ साली वनस्पतींचे अवशेष तरंगवून काढायची पद्धत नव्हती, आता आहे. उघड्या पडलेल्या कडांवरून प्रत्येक थरातली पाच-दहा बादल्या माती पद्धतशीर गोळा केली तर ताम्रपाषाण थरापासून मराठा काळापर्यंत नाशकात काय काय शिजलं याचा क्रम लावता येईल. त्याला मोठं उत्खनन लागत नाही. परवानगी, एक प्रशिक्षित माणूस, एक पिंप आणि चाळण्या लागतात.

वाचकांपैकी ज्यांचं गाव गोदावरी, प्रवरा, गिरणा किंवा मोसमच्या काठी आहे त्यांना एक विनंती. गावाबाहेरच्या जुन्या पांढरीतली माती खत म्हणून शेतात टाकायची, विटांसाठी न्यायची, हे अनेक ठिकाणी चालत आलं आहे. त्या मातीत राख, जळके दाणे, नक्षीची खापरं दिसली तर ती उकरू नका. जागेचा फोटो काढा, तिथे काम थांबवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. आपल्या आजीच्या सुपातली वरई किती जुनी, हे सांगणारा दाणा कदाचित त्याच ट्रॉलीत भरला जात असेल.